मोहरीच्या पानांचे लाल धागे

पंढरीनाथला राग आला की तो बोलायचाच नाही, आणि खरा घात तिथेच होता. लखनौबाहेर बख्शी का तालाबजवळ एका संशोधन संस्थेचं मोहरीचं शेत, तिथे तो सव्वीस वर्षं राबला. वडील मूळचे कराडचे, एअर फोर्समध्ये स्वयंपाकी. हा लखनौतच वाढला. दहावी नापास, पण मोहरीचं पान नुसतं बघून त्याचं वय सांगायचा, पैज लावून!

ऑक्टोबरात श्रुती पीएचडीच्या कामाला आली. मराठी पोरगी म्हणून हा बापडा हरखून गेला. बायकोकडून थालीपीठं करून घेतली, डबा पुढे केला आणि म्हणाला, "ताई, पान ओळखायची एक खूण आहे. दाखवू का?"

चारचौघांसमोर ती म्हणाली, "काका, आप बस पानी डालिए।"

डबा तसाच घरी परत गेला.

तिचं काम नाजूक होतं. मुळं जमिनीतलं गंधक वर पाठवतात आणि पानातली एन्झाइम्स त्याला कामाला लावतात. कोवळ्या पानात ती जोरात चालतात, पान जून होत गेलं की मंदावतात. कधी आणि किती, हे श्रुतीला मोजायचं होतं. हंगाम एकच, फेलोशिप मार्चपर्यंत. आकडे चुकले तर पदवी गेली.

दर सोमवारी ती शेंड्याकडून तिसरं पान खुडायची. अहो, मोहरीला नवं पान शेंड्यालाच फुटतं! म्हणजे दर सोमवारी हाती येणार ते कोवळंच. बाईसाहेब मात्र समजत होत्या, आपण एकाच पानाचं म्हातारपण मोजतोय. पंढरीनाथने हे पहिल्याच महिन्यात हेरलं आणि तोंडाला कुलूप लावलं.

हात मात्र ऐकेनात. मागच्या रांगेत पान उलगडलं, की जुन्या सवयीने तो त्याच दिवशी देठाला लाल धागा बांधायचा, म्हणजे पुढे तेच पान नेमकं सापडतं. डिसेंबरात श्रुतीने विचारलंच, "काका, ये धागे किसलिए?"

तेव्हा खरं सांगितलं असतं तर पोरगी वाचली असती.

"नजर लागू नये म्हणून," तो म्हणाला. ती हसली आणि पुन्हा शेंड्याकडे वळली.

मार्चमध्ये तिचे पीएचडीचे गाईड, संस्थेतले साहेब, तिचा आलेख घेऊन तरातरा शेतावर आले. रेघ सरळ आडवी. "पत्ता बूढ़ा हो गया और एन्ज़ाइम जस का तस?" ते तिच्यावर कडाडले. मग पंढरीनाथकडे वळले, "तुमने देखा नहीं, ये पत्ते कैसे तोड़ती थी?"

"साहब, मैं तो बस पानी डालता हूँ।"

हे बोलताना त्याला आत गार गार वाटलं, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी श्रुती सामान न्यायला आली. डोळे सुजलेले. शेतावर येऊन ती त्याच्या पाया पडली. "काका, एक आप ही ने भला चाहा था। सच में नज़र लग गई। एक धागा मुझे भी बाँध दीजिए।"

पंढरीनाथ मागच्या रांगेत वाकला. एका पिवळ्या पडलेल्या पानाचा धागा त्याने सोडवला आणि तिच्या मनगटाला बांधला, नीट, दोन गाठी मारून.