हरभऱ्याएवढी ज्योत

इतक्या लहान आगीशी इतका मोठा झगडा मांडणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात दुसरा नसेल. माझे साडू कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि अंगठ्याएवढी शेगडी करायच्या मागे लागले. भाजीला पाठवलं तर पिशवीतून पत्र्याचे तुकडे आणायचे. "ज्योत लहान केली की भिंत तिच्या अंगावर येते," ते मला समजावत, "भिंत ऊब पिते अन् ज्योत मरते." मी दहावीला विज्ञानात काठावर पास झालेलो, त्यामुळे मान जरा जास्तच जोरात हलवी. त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पत्र्याची चकली. एका वेढ्यातून गरम धूर बाहेर जाणार, शेजारच्या वेढ्यातून गार हवा आत येणार आणि जाता जाता धूर तिला तापवणार. मेहुणीनं त्या वर्षापासून दिवाळीला चकल्या करणं सोडलं.

भोकरचे पाहुणे साडूंच्या लेकीला बघायला आले, त्या दिवशी ही चकली टेबलावर आली. स्थळ मी आणलं होतं. माझी आधीची दोन पोह्यांच्या पुढं सरकली नव्हती आणि ह्या वेळी पोरगी मनातून हो म्हणून बसलेली. साडू म्हणाले, "चहा इथंच करतो." स्पिरिटचा थेंब, काडी, हरभऱ्याएवढी निळी ज्योत, गेली. पुन्हा लावली, गेली. पाचव्या काडीला मुलाच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं. "पाव्हणं, आमाला पाणी बी चालतंय." पोरगी चौकट धरून उभी होती आणि मी सतरंजीची नक्षी पाठ करत होतो. तेवढ्यात मुलाची आजी म्हणाली, "आधी त्यो पंखा बंद करा. वाऱ्यानं मरून राहिलंय लेकरू." भिंतीच्या विचारात साडूंचं छताकडं लक्षच गेलं नव्हतं. भर उन्हाळ्यात पंखा थांबला. आजी टेबलाशी सरकली, दोन्ही हातांचा आडोसा केला आणि दाराकडं बघून म्हणाली, "सूनबाई, तू बी धर की इकडून." त्या 'सूनबाई'ला कुणीच हरकत घेतली नाही. चहाला पाऊण तास लागला. घामानं निथळत आम्ही सात जण दीड कप चहा बशीतून वाटून प्यालो. तोवर दोन्हीकडचे नायगावचे सोयरेही एकच निघाले होते.

लेक आता भोकरला नांदते. परवा साडूंकडं गेलो तर त्यांनी शेगडीचं नावही काढलं नाही. मेहुणीनं गॅसवर पाच मिनिटांत चहा केला. "पोरीचा फोन येतो का?" मी विचारलं. "येतो की," साडू म्हणाले, "घाईत असते." चहा चांगला होता. अर्ध्या तासात मी बसस्टँडच्या वाटेला लागलो. त्या घरातून इतक्या लवकर मी कधी सुटलो नव्हतो.