सहापैकी दोन पिवळ्या

ॲसिडमध्ये सोडलेल्या सहापैकी दोन गोळ्या तासाभरातच फुटल्या. त्यांच्या भांड्यांतलं ॲसिड पिवळं पडलं. मी नोंद केली आणि प्रॉडक्शनच्या साहेबांना फोन लावला, बॅच फेल.

मरोळच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटी कंट्रोल बघते. ही गोळी छातीतल्या जळजळीवरची. ती ॲसिड कमी करते, पण गंमत अशी की हे औषध ॲसिडमध्येच नासतं. म्हणून गोळीवर कोटिंग असतं. पोटात टिकायचं, आतड्यात जाऊन विरघळायचं. अंगाइतक्या उष्ण ॲसिडमध्ये दोन तास ठेवून आम्ही तेच तपासतो.

साहेब म्हणाले, "ही ट्रायल धरा. नवीन सँपल पाठवतोय. परवा गाडी भरायचीय."

"ट्रायल कसली? मशीन बरोबर आहे, ॲसिड बरोबर आहे."

"अहो मॅडम, किती ताणाल? ॲसिडिटीचीच गोळी ना? कोण मरतंय?"

डोकं सणकलं. रात्र रात्र उशीला टेकून बसणाऱ्या माणसाला विचारा म्हणावं.

सँपल आलं. एकूण एक गोळी चकचकीत. वास्तविक सँपल आमच्या लॅबचा माणूस काढतो, हे प्रॉडक्शनमधून आलं होतं. मी तडक खाली कोटिंगला गेले. तिथले जुने ऑपरेटर सावंतकाका नजर चुकवायला लागले.

"काका, निवडून दिल्यात?"

"होय बाईनू. वरसून सांगितल्यानी. गन चोंदता म्हणान मी आधीच सांगितलेलं, कोणी लिवन घेऊक नाय."

कोटिंग फवारणारी गन चोंदत होती आणि कागदावर त्याचा एक शब्द नव्हता!

मी स्वतः तीन ड्रममधून, वरून-खालून गोळ्या काढल्या आणि साहेबांना लॅबमध्ये बोलावून त्यांच्यासमोर टेस्ट लावली. या वेळी तीन पिवळ्या.

"हीपण ट्रायल धरू?"

साहेबही रोज सकाळी हेच औषध घेतात, सगळ्या ऑफिसला माहीत आहे.

"सर, उद्यापासून यातली घ्याल?"

"माझी दुसऱ्या कंपनीची आहे," ते बोलून गेले. मग स्वतःचंच बोलणं ऐकल्यासारखे थांबले आणि रिजेक्शनवर सही केली.

मॅडमनी गाडी अडवली, असं ते अजून सांगत फिरतात. अडवलीच. पेशंट गोळी निवडून घेत नाही. स्ट्रिपमधली पुढची येईल ती गिळतो.