अख्खा दिवस मुहूर्त

आमचे हे फौजेतून पेन्शनवर आले, तेव्हा माणूस कायमचा घरी आला याचा आनंद मला जेमतेम आठवडाभर टिकला. एका सकाळी उठून बघते तर यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावलेले. चहाचा डबा सगळ्यात बुटका, म्हणून तो गेला पार कोपऱ्यात, आणि मी झोपेत चहासाठी हात घातला तर हातात आली हळद. दारातल्या चपला रांगेत. म्हशीच्या धारेची वेळ ठरलेली, आणि ती चुकली की म्हशीला बोलणी. म्हैस बिचारी ऐकून घ्यायची, पण मी काय म्हैस आहे? मी सरळ सांगितलं, "आवं, ही पलटण न्हाई, घर हाय. कुठंतरी कामाला लागा, न्हाईतर मी चालले माहेरी."

कामं सांगून येत नव्हती असं नाही. पण सगळी एकाच छापाची. पुण्याला सोसायटीच्या गेटवर बसा, बँकेच्या दारात बसा, एटीएमबाहेर बसा. यांना राग यायचा तो त्या 'बसा'चा. "बर्फात उभा राह्यलेला माणूस मी. आता खुर्चीत बसून लोकांच्या दुधाच्या पिशव्या राखू?" मला वाटायचं, नुसता तोरा आहे. पण त्याच वर्षीच्या दसऱ्याला मला खरं काय ते कळलं.

आमच्याकडं दसऱ्याला संध्याकाळी अख्खी आळी आपट्याची पानं घेऊन घरोघर फिरते. सोनं द्यायचं, थोरांच्या पाया पडायचं, दोन शब्द बोलायचे. आणि ते दोन शब्द ठरलेले. पेन्शनवर आलेला माणूस दिसला की, "मग, आता काय करताय?" त्यात कुणाच्या मनात काळंबेरं नसतं. जेवलात का विचारावं तसं विचारतात. पण त्या संध्याकाळी हे डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडून राहिले. कधी ताप आला तरी न झोपणारा हा माणूस, एका प्रश्नाला भिऊन झोपला. मी एकटीनं सोनं वाटलं आणि दारोदार "बरं नाही त्यांना" म्हणून सांगत फिरले. त्या दिवशी मी माहेरी जायची धमकी द्यायची बंद केली.

पुढं हायवे रुंद करायचं काम आमच्या बाजूला आलं. उंब्रजकडं उड्डाणपूल उभा राहायला लागला आणि खालून गाड्या वळवायला एक अरुंद रस्ता काढला. तिथं लाल-हिरवा झेंडा घेऊन उभा राहणारा माणूस पाहिजे होता. हे धावतच घरी आले. "अगं, उभं राह्यचं काम हाय!" एवढा आनंद मी यांना बढती मिळाल्यावरही बघितला नव्हता. चकाकणाऱ्या जाकिटाला यांनी इस्त्री केली. त्या जाकिटाला इस्त्री करणारा सबंध महाराष्ट्रात हा एकच माणूस असणार. एसटीचे ड्रायव्हर जाता जाता हात वर करायचे. घरातले डबे हळूहळू पुन्हा माझ्या मनासारखे झाले.

माझा धाकटा भाऊ इस्लामपूरला असतो, मोटारी-पाइपांचं दुकान आहे त्याचं. तो घटस्थापनेला आला आणि या दोघांची नेहमीची लढाई जुंपली. भावाचं म्हणणं, "दाजी, सरकारच्या पैशानं काम निघतंय ते काम व्हय? पूल झाला की झेंडा गुंडाळा. सरकारनं कर कमी करावा आन् बाजूला व्हावं. लोकांच्या हातात पैसा खेळला की काम आपोआप निघतंय. बघा आता, कालपरवाच गाड्यांवरचा जीएसटी उतरलाय."

हे म्हणाले, "पाव्हणं, सरकारनं पूल काढला म्हणून मी कामाला लागलो, चहाची टपरी लागली, खडीवाल्याच्या गाड्या लागल्या. तुमचा कर उतरला, मग दुकानात नवीन माणूस ठेवला का?"

"ठेवीन की."

"कवा?"

भाऊ पुरणाच्या पोळीकडं वळला. मी म्हटलं, त्या वळणापायी जुन्या रस्त्यावरच्या वडापाववालीचं गिऱ्हाईक गेलं, तिचं काय? हेही पोळीकडं वळले. पुरुषांना वाद घालायला आवडतो, हिशोबात तिसरं माणूस आलेलं आवडत नाही.

पण भावाचं एक बोलणं खरं होतं, आणि ते यांना झोंबलं. दसरा झाला की पूल खुला होणार, असं मुकादमानं सांगूनच ठेवलं होतं. म्हणजे झेंडा गेला. यंदाही दसऱ्याला लोक विचारणार आणि यंदाही उत्तर नाही. त्या रात्री यांनी जाकिटाला इस्त्री केली नाही.

दुसऱ्याच दिवशी वळणावर ही गर्दी. कर उतरल्यामुळं माणसं मोटारसायकलींवर तुटून पडली होती, आणि कराडच्या एका शोरूमच्या नव्या गाड्यांनी भरलेला ट्रक तिथं अडकला. मालक स्वतः पुढच्या मोटारीत. तो उतरला आणि यांना म्हणाला, "ओ, आमचा ट्रक आधी सोडा. दसऱ्याच्या गाड्या आहेत."

हे म्हणाले, "ॲम्ब्युलन्स सोडून कुणी आधी न्हाई. लायनीत ऱ्हावा, साहेब."

मालक चिडला, ओरडला, फोन लावले. हे हिरवा झेंडा दुसऱ्या बाजूला दाखवत राहिले. ऐकून मी कपाळाला हात लावला. पण संध्याकाळी तोच मालक परत आला, हातात थंडगार उसाचा रस घेऊन. म्हणाला, "दसऱ्याला माझ्या दारात जत्रा भरते. मुहूर्त गाठायचा म्हणून सगळ्यांना बाराच्या आत गाडी पाहिजे. दरवर्षी भांडणं होतात. एक दिवस येऊन उभे राहा. दिवस नीट पार पडला तर गाड्या द्यायचं काम कायमचं तुमच्याकडं."

मी तुळजाभवानीला नारळ बोलून टाकला.

इकडं माझ्या भावानं काय करावं? इस्लामपूरला शोरूम असताना गाडी कराडला बुक केली. का, तर दाजी दारात असणार, आपला नंबर आधी लागणार! मीही म्हटलं, लागू दे की, घरचाच माणूस आहे. दसऱ्याला सकाळीच मी आणि भाऊ तिथं पोचलो, आणि बघते तर काय! झेंडूचे हार, नारळ, लिंबं, पेढ्यांचे पुडे, कडेवर पोरं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "बाराच्या आत, बाराच्या आत!" दोन घरची माणसं एकाच गाडीच्या हँडलला धरून भांडत होती. कुणीतरी आधीच नारळ फोडला होता आणि त्या पाण्यावरून पोरं घसरत होती. मालकाचा चेहरा पडलेला. मला वाटलं, झालं, गेलं काम. आता हा माणूस यंदाही पांघरूण घेऊन झोपणार.

तेवढ्यात हे पायरीवर चढले आणि परेडचा आवाज काढला. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा थांबली.

"ऐका! आज वार काय हाय मला म्हाईत न्हाई, पण सण दसरा हाय. साडेतीन मुहूर्तातला एक. अख्खा दिवस मुहूर्त हाय! सकाळचं सोनं आन् संध्याकाळचं पितळ, असं असतंय व्हय?"

आणि जो हशा पिकला! एक म्हातारी नातवाला म्हणाली, "खरं बोलतोय लेकरू. सोड ते हँडल." यांनी हात दाखवला तशी माणसं एकामागं एक उभी राहिली. ज्यानं आधी बुक केलं त्याला आधी गाडी. चाकाखाली लिंबू, हँडलला हार, नारळ फोडायचा तो बाहेरच्या दगडावर. लोक लायनीत उभं राहून एकमेकांना पेढे द्यायला लागले. दसरा सण मोठा, नाही आनंदा तोटा, म्हणतात ते मी त्या दिवशी शोरूममध्ये बघितलं.

भाऊ केस सारखे करत पुढं गेला. "दाजी, मी आलोय."

"पाव्हणं, माघारी."

"अवो, मी!"

"दिसतंय मला. माघारी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार माणसांत माझ्या भावाला माघारी? मी डोळे वटारले तर माझ्याकडं बघेनातच. माझा भाऊ, सणाचा, नवा शर्ट घालून, उन्हं कलेपर्यंत लायनीत उभा होता. त्याला गाडी मिळाली तेव्हा मालक शेजारीच होता. त्यानं विचारलं, "हे मघापासून तुम्हाला दाजी म्हणतायत. कोण हे?"

"मेव्हणा हाय सख्खा."

"मेव्हण्यालाही लायनीत?"

"लाईन म्हंजे लाईन, साहेब."

मालक हसायला लागला. हसता हसता म्हणाला, "उद्यापासून या." माझा जीव भांड्यात पडला, आणि भावाला मी बळंच दोन पेढे भरवले.

घरी येईपर्यंत लढाई पुन्हा सुरू. भाऊ म्हणाला, "बघा, कर उतरला म्हणून गाड्या खपल्या, म्हणून तुमाला काम." हे म्हणाले, "पूल निघाला नसता तर मालक मला भेटला असता कुठं?" मी विचारलं, सगळ्यांच्या दारात गाड्या झाल्यावर पुढं काय? दोघंही पेढ्यांच्या पुड्याकडं वळले. असू दे. पुढचं पुढं.

संध्याकाळी यांनी शोरूमची टोपी घातली, आपट्याची पानं खिशात कोंबली आणि माझ्यासाठी न थांबता आळीत निघाले. एकही घर सोडलं नाही. बऱ्याच वेळानं परतले ते तोंड पाडून. मी घाबरलेच. "काय झालं?"

"अगं, कुणीच इचारलं न्हाई!"

कसं विचारतील? निम्मी आळी सकाळी तिथं लायनीत उभी होती.

मी उठले. डोक्यावर पदर घेतला, शेजारणीसारखी उंबऱ्याबाहेर गेले, आणि परत आत येऊन यांच्या हातात पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. मग, आता काय करताय?"

हे टोपी सरळ करून ताठ उभे राहिले. "कामाला जातोय," म्हणाले, आणि खिशात उरलेलं शेवटचं पान माझ्या हातात ठेवलं.