सतरा प्लगिनांचा कळप

आमच्या घरातला ब्राउझर एका दुपारी अकरा वेळा आपोआप बंद पडला, आणि अकराही वेळा मी त्याचं कारण ठामपणे सांगितलं. कारणं अकरा वेगवेगळी होती, एवढंच.

त्या दिवशी माझ्या भाचीचा, कोमलचा, जनावरांच्या डॉक्टरकीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस होता. पाच वाजता साइट बंद. कोमल माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मेंढरू आजारी पडलं तर झाडपाला, त्यानं उतार पडला नाही तर अंगारा, आणि त्यानंही नाही तर नशीब. ही पोरगी सहावीत असल्यापासून म्हणायची, "मी मेंढरांची डॉक्टर होनार." आम्ही हसायचो. मग तिनं खरोखरच तेवढे मार्क मिळवले आणि आमचं हसू बंद झालं. सांगोल्याकडच्या आमच्या वाडीहून ती आणि माझी आई आदल्या दिवशीच जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर आल्या होत्या. येताना आई सगळ्या वाडीला सांगून आली होती, "कॉम्पुटरचं काय असंल त्ये बापू बगंल."

बापू म्हणजे मी. घराण्यातला पहिला पदवीधर. आमच्या अपार्टमेंटमध्येही मला 'कॉम्प्युटरवाले सर' म्हणतात. (दुसऱ्या मजल्यावरच्यांचा बिघडलेला प्रिंटर मी दोन मिनिटांत चालू केला होता. त्याची पिन भिंतीतून निघालेली होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)

अशा माणसानं तयारीशिवाय अर्जाला बसणं शोभलं नसतं. आठवड्यापूर्वीच मी कोमलचं खातं उघडून ठेवलं होतं. पासवर्ड सांभाळणारं एक प्लगिन माझ्या ब्राउझरमध्ये होतं, त्यानं स्वतःच एक भक्कम पासवर्ड तयार करून स्वतःपाशीच ठेवला. वीस अक्षरी! त्यातल्या दोन चिन्हांना काय म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं. अर्जात आईवडिलांची नावं मराठीतही लिहायची होती, म्हणून त्या दिवशी सकाळी मराठी टाइप करणारं प्लगिन बसवलं. बसवतच होतो तर वेग वाढवणारं एक घेतलं. रखवाली करणारं एक घेतलं. आणि एक असं घेतलं की ज्यानं पडद्यामागे हिमालय दिसतो. आधीची तेरा, ही चार, अशी सतरा प्लगिनं झाली. फुकट मिळतंय म्हटल्यावर नाही म्हणणं मला वसतिगृहात राहिल्यापासून जमलेलं नाही.

एक वाजता कोमल लॅपटॉपसमोर बसली. साइट उघडली. तिनं नाव लिहायच्या चौकटीत क्लिक केलं आणि सगळा ब्राउझरच नाहीसा झाला.

"मामा, गेलं!"

"नेट स्लो आहे," मी म्हणालो.

पुन्हा उघडलं, पुन्हा चौकटीत क्लिक, पुन्हा गेलं. "साइटवर गर्दी आहे. शेवटचा दिवस ना." तिसऱ्यांदा गेलं तेव्हा लॅपटॉप तापलाय असं माझं निदान झालं आणि त्याच्याखाली ओला टॉवेल आला. चौथ्यांदा मी स्वयंपाकघराकडे बघून ओरडलो, "सुनीता, मिक्सर बंद कर!"

माझी बायको शेंगाचटणी करत होती. ती सोलापूरच्याच शुक्रवार पेठेतली. तिथली माणसं शेंगाचटणीत आलेला अडथळा सहजासहजी विसरत नाहीत.

"मिक्सरचा न् ब्राउझरचा काय संबंध ओ?"

"लहरी असतात."

"मिक्सरला?"

"दोघांनाही."

मिक्सर बंद झाला. ब्राउझरही पाचव्यांदा बंद झाला. (कारण : अँटिव्हायरस.) मोबाइलवर बघावं तर साइट म्हणे, कॉम्प्युटर वापरा. सुनीता म्हणाली, "सायबर कॅफेत जावा की मग, कोमलला घेऊन."

"पासवर्ड?"

"तुम्हीच केलाय न्हवं?"

मी त्या वीस अक्षरांतलं पहिलं अक्षर आठवायचा प्रयत्न केला. तेही आठवेना. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी कोमलच्या वडिलांच्या फोनवर जाणार, आणि आमचे दाजी मेंढरं घेऊन अशा माळावर होते की जिथं फोन फक्त वेळ बघायला चालतो. म्हणजे कोमलच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली त्या क्षणी एकाच ठिकाणी होती : माझ्या लॅपटॉपमध्ये. आणि तो लॅपटॉप ओल्या टॉवेलवर बसून मला हसत होता.

साडेतीन वाजता समोरच्या फ्लॅटमधले गुरुलिंगअण्णा आवाज ऐकून आले. अण्णांचं चादरींचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. अण्णा घरी बसून सगळ्यांचं बघतात.

"येन आय्तु, सर? काय झालं?"

मी सांगितलं. तेवढ्यात आठव्यांदा गेलं. (सहावं कारण इन्व्हर्टर, सातवं व्हायरस. आठवं, परदेशी व्हायरस.)

"फॉरमॅट मारा की!" अण्णा म्हणाले. "आमच्या पोरानं मारला होता. लॅपटॉप लई फास्ट झाला बघा."

"आणि आतलं?"

"आतलं गेलं समदं. पण फास्ट झाला."

एवढं बोलून अण्णा चहा न घेता गेले. आणि सांगायला लाज वाटते, पण घाबरलेला माणूस कुणाचंही ऐकतो. मी फॉरमॅटचं बटण शोधायला लागलो. ज्या लॅपटॉपमध्ये पासवर्डची एकमेव किल्ली, तोच पुसायला निघालो होतो! कोमलचे डोळे भरून आले होते, आणि ती ते ओढणीनं नाही, मार्कशीटच्या प्लास्टिकच्या पाकिटानं पुसत होती.

आई इतका वेळ जमिनीवर बसून शेंगा फोडत होती. ती उठलीही नाही. तिथूनच म्हणाली, "बापू, हात काड आदी त्याच्यावरनं."

मी हात काढला.

"त्ये सारकं सारकं कशानं मरतंय?"

"आई, तुला नाही कळायचं. क्रॅश होतंय ते."

"त्ये दिसतंय की मला. मरायच्या आदी काय खाल्लंवतं?"

मी हसलो. कोमल मात्र हसली नाही. ती हळूच म्हणाली, "आज्जी, मामांनी आज सकाळी चार नवीन प्लगिन घातल्यात." मग तिनं आज्जीला समजावलं की प्लगिन म्हणजे ब्राउझरमध्ये वरून आणून बसवलेली छोटी छोटी कामकरी मंडळी, प्रत्येकाचं काम वेगळं.

"आन आदीची किती?"

"तेरा."

"म्हंजी सतरा जनावरं येका वाघुरीत, आन ह्यो वाघुरीच्या भाईर रोग हुडकतोय व्हय!"

(वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. आमच्याकडे माणसाची अक्कल मोजायलाही हेच माप वापरतात.)

"आई, सगळी चांगली आहेत ती! पाच-पाच तारे आहेत त्यांना!"

"तारं?"

"म्हणजे लोकांनी चांगलं म्हटलंय."

"बाजारात इकायला आनल्यालं समदं चांगलंच अस्तंय की." आईनं ओंजळभर शेंगा पुढ्यात ओतल्या. "बापू, गॅलरीत जाऊन माजं लुगडं वाळलंय का बग बरं. आन वाळस्तवर तितंच थांब. वाऱ्यानं जाईल."

मी गेलो. लुगड्याचं एक टोक धरून खिडकीशी उभा राहिलो. जाळीतून सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

आईनं सतरा शेंगा मोजून दोन ओळी केल्या, एक नवाची, एक आठाची. कोणती शेंग म्हणजे कोणतं प्लगिन, ते कोमलनं सांगितलं. आईला अक्षर येत नाही. पण दोनशे मेंढरं तिन्हीसांजेला तोंडावरून ओळखून आत घेणारी बाई ती! सतरा शेंगा तिनं एकदाच ऐकून ध्यानात ठेवल्या.

"ही नऊ बांद. ही आट सोड."

कोमलनं नऊ प्लगिनं बंद केली आणि चौकटीत क्लिक केलं. ब्राउझर जिवंत!

"सापडला!" मी गॅलरीतून ओरडलो. "त्या नवांतच आहे चोर!"

"आता उलटं कर," आई म्हणाली. नऊ चालू, आठ बंद. क्लिक. तरीही जिवंत!

मी लुगड्याचं टोक दुसऱ्या हातात घेतलं. "म्हटलं नव्हतं? साइटचाच दोष होता! सुधारली आता!"

"मग समदी सोड."

सतराच्या सतरा चालू. क्लिक. गेलं. (नववी वेळ. कारण : ऊन.)

घड्याळात चार वाजून गेले होते. सुनीता चटणीचा हात तसाच धरून दारात उभी होती. आईनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि चावता चावता दोन्ही ओळींकडे बघत राहिली.

"कुनी आजारीच न्हाय," ती शेवटी म्हणाली. "दोन एडकं हायेत. येक ह्या वळीत, येक त्या वळीत. येकटं असलं की गाईवानी गरीब. म्होरंम्होरं आलं की टकरा घेत्यात आन वाघूर फाडत्यात."

मी लुगडं धरून तसाच उभा राहिलो. कॉलेजात बिघाड शोधण्यावर मी दहा मार्कांचं उत्तर पाठ केलं होतं. परीक्षेत त्याला नऊ मिळाले होते. ते उत्तर मला त्या दुपारी एकदाही आठवलं नव्हतं. आणि इथं माझी आई, जिनं ते उत्तर लिहिण्यापुरता मी शहाणा व्हावा म्हणून मला वसतिगृहात ठेवलं आणि स्वतः उन्हातान्हात कळपामागं चालली, ती तेच उत्तर शेंगांवर करून दाखवत होती. एक दाणाही वाया न घालवता.

"आट समदी ऱ्हाऊ दे. नवातलं येकेक आत सोड," आई म्हणाली.

पहिलं सोडलं, काही नाही. दुसरं, तिसरं, हिमालय, पाचवं, काही नाही. सहावं सोडलं आणि ब्राउझर गेला! (दहावी वेळ. कारण : वारं सुटलंय.)

"ह्ये कोन?"

"पासवर्ड ठेवणारं, आज्जी."

"ह्ये येक सापडलं. ह्येला येकट्याला ठेव, आन आता आटातलं येकेक आन त्याच्याम्होरं."

तिसऱ्यालाच टक्कर झाली. (अकरावी. कारण सुचलं नाही, म्हणून 'योगायोग' म्हणालो.) ते होतं मराठी टाइप करणारं. चौकटीत क्लिक केलं की पहिलं ती भरायला धावायचं आणि दुसरं तीच चौकट ताब्यात घ्यायला.

"काढून टाक!" मी जाळीला तोंड लावून ओरडलो. "दोन्ही काढून टाक कोमल! नाहीतर मी येतो!"

"सुनीता," आई म्हणाली, "खिडकी लाव गं ती."

सुनीतानं आनंदानं लावली.

पुढचं मी काचेतून पाहिलं आणि नंतर कोमलकडून ऐकलं. ती म्हणाली होती, "आज्जी, दोन्ही लागनार. एक नसलं तर आत जाता येत न्हाय, आन दुसरं नसलं तर आईचं नाव लिहिता येत न्हाय."

"मग दोनी पाळायची. येक चरायला गेलं की दुसरं बांदून ठेवायचं. ह्येच्यात काय अवगड हाय?"

कोमलनं मराठीवालं बंद केलं आणि पासवर्डवाल्याला सोडलं. त्यानं वीस अक्षरं मुकाट्यानं भरली, दार उघडलं. मग त्याला बंद करून मराठीवाल्याला सोडलं. एकेक चौकट भरत गेली. मला काचेतून एवढंच दिसलं की आई पहिल्यांदाच उठली, लॅपटॉपजवळ गेली, कोमलनं पडद्यावर एका जागी बोट ठेवलं आणि त्याच जागी आईनंही आपलं बोट ठेवलं. ते माझ्या बहिणीचं नाव होतं. आईनं बोट काढलं तेव्हा पडद्यावर शेंगांच्या फोलाचा बारीक भुगा राहिला. कोमलनं तो पुसला नाही. तशीच पुढं गेली.

पाचला वीस मिनिटं असताना कोमल उडी मारून खिडकीशी आली आणि काचेवर दोन्ही हात आपटले. अर्ज जमा झाला होता! मी लुगडं खांद्यावर टाकून आत धावलो आणि जणू मीच भरला अशा थाटात सगळ्यांचं अभिनंदन केलं.

संध्याकाळी गरम भाकरी आणि (उशिरा झालेली) शेंगाचटणी खाताना मी वही-पेन घेऊन आईजवळ बसलो. चांगलं काही ऐकलं की लिहून ठेवायची मला सवय आहे.

"आई, सुरुवात कुठून करायची ते तुला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? समद्यात जास्त वरडतंय त्ये आदी भाईर काडायचं. त्येच्या गोंदळात बाकीच्यांचं कळत न्हाय."

मी ते लिहून घेतलं, खाली रेघही मारली. "आणि ते कुठलं होतं? जाहिराती अडवणारं का?"

आईनं सुनीताकडे बघितलं. सुनीतानं कोमलकडे. कोमल पदराआड तोंड लपवावं तसं ताटात तोंड लपवून हसायला लागली.

"लुगडं वाळलंवतं न्हवं रं, बापू?" आई म्हणाली.

कोमलला प्रवेश मिळाला. सुट्टीत ती आमच्याकडे येते, माझ्या प्लगिनांची संख्या बघते आणि आज्जीला फोनवर कळवते. मधूनअधून ब्राउझर अजूनही बंद पडतो. पण आता मी कुणी सांगायची वाट बघत नाही. मुकाट्यानं उठतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. निम्मी दुरुस्ती तेवढ्यानंच होते.