दादाचा ठेका

दादाच्या उजव्या हातावर लोखंडी पाइप बसला तेव्हा मी चौकातल्या एका दुकानाच्या पायरीवर उभी होते. भर दुपारी मिरवणुकीत दोन मंडळांचे ट्रक समोरासमोर आले होते. पुढं कुणी जायचं यावरून शिवीगाळ झाली, मग काठ्या निघाल्या. दादा हलगी वाजवत होता. भांडण त्याचं नव्हतंच. पिवळ्या शर्टातला एक जाडजूड माणूस ओरडला, "आधी ह्याची हलगी बंद करा रं!" आणि स्वतःच धावून आला. हलगी वाचवायला दादानं हात आडवा घातला. पहिला घाव मनगटावर, दादा खाली पडल्यावर दुसरा बोटांवर. हाड मोडल्याचा आवाज मला त्या गोंगाटातही ऐकू आला.

पोलिसांना मी त्या माणसाचं वर्णन सांगितलं. चौकातल्या बाकी कुणीच काही पाहिलं नव्हतं म्हणे.

प्लास्टर निघालं, तरी दादाची दोन बोटं वळेनात. हलगी खुंटीवरच राहिली.

मी घरी कॉम्प्युटरवर मंडळांच्या गाण्यांना ठेके लावून द्यायची. पडद्यावर चौकोनांची एक ओळ असते. ज्या चौकोनावर क्लिक करावं तिथं ठोका पडतो, आणि ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. एकदा मोबाइलमधल्या जुन्या रेकॉर्डिंगमधून मी दादाच्या हलगीचे ठोके कापून घेतले, चौकोनांत मांडले आणि मोठ्या हौसेनं त्याला ऐकवले.

त्यानं डाव्या हातानं कीबोर्ड उपसला आणि फरशीवर आपटला. बटणं खोलीभर उडाली. "मढं हाय हे! माजी हलगी न्हाय!" आई मधे आली, तर तिलाही ढकललं. ती कपाटावर आदळली.

मी त्याची गचांडी धरली. "मला बी मार की! हात त्यानं मोडला, आन तू घर मोडायलास व्हय?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. बराच वेळ धापा टाकत होता. मग म्हणाला, "समदे ठोके सारकेच कसे गं? मानूस वाजवतंय तवा असं वाजतंय व्हय?"

प्रत्येक चौकोनाखाली एक उभी पट्टी असते. ती खाली ओढली की ठोका दबतो, वर नेली की कडाडतो. माऊस शाबूत होता. मी एकेक पट्टी हलवत गेले, तो तोंडानं बोल सांगत गेला. काही ठोके चौकोनाच्या जागेवरून किंचित मागं सरकवले. "आनिक मागं. लंगडू दे त्येला." एका जागी तो थांबला. "हितं पाइप बसल्यावानी पायजे." मी पट्टी टोकाला नेली. त्या ठोक्याला आईनं कानांवर हात ठेवले.

तो ठेका मी एका मंडळाच्या गाण्याला लावला आणि तो गाजला. आणि एके सकाळी पिवळ्या शर्टाचा तो माणूस आमच्या दारात उभा. शर्ट वेगळा होता, पण मी लगेच ओळखलं. त्यानं मला ओळखलं नाही. "ताई, त्यो हलगीचा ठेका आमच्या मंडळाला बी पायजे की."

दादा आतून आला. कोपऱ्यातला स्पीकरचा स्टँड उचलून त्यानं त्या माणसाच्या खांद्यावर घातला. माणूस उंबऱ्यावर कोसळला, कपाळ फुटलं. स्टँड पुन्हा वर गेला, तेव्हा मी दादाच्या दंडाला लोंबकळले. "मरंल त्यो!" मी सोडलं असतं तर त्यानं मारलंच असतं.

पोलीस ठाण्यात दादाला बाकावर बसवलं. समोर डोक्याला पट्टी बांधलेला तो माणूस संतापून ओरडत होता, "मी याच्या हातावरच पाइप घातला हुता साहेब, यानं माजं डोस्कं फोडलं!"

बोलून गेल्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं. साहेबांनी हवालदाराला तेच वाक्य लिहून घ्यायला लावलं.

दोघांवरही गुन्हे दाखल झाले. तारखा चालू आहेत, दादाला शिक्षाही होईल कदाचित. तो आता माऊस डाव्या हातानं चालवायला शिकलाय. ठोका चुकला की मला शिव्या घालतो. पाइपाचा तो ठोका मात्र त्यानं जामिनावर सुटून आला त्याच दिवशी ठेक्यातून काढून टाकला.