मेनमध्ये तिचं नाव

मानपाड्याच्या आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील एमआयडीसीत कामाला. घरी आले की आधी चहा, मग पत्रक. नाल्याचा बदललेला रंग, कामगार बायकांसाठी नसलेली गाडी, विषय वेगवेगळे असायचे, रीत मात्र एकच. नाल्याबद्दल नाल्याकाठच्या बायका लिहायच्या, कंपनीबद्दल कामगार. ते कागद आमच्या कॉटवर यायचे, वडील ते जुळवायचे आणि खाली लिहिणाऱ्या सगळ्यांची नावं घालायचे. एकदा एका कार्यकर्त्याने सुचवलं की एवढ्या नावांनी पत्रक गबाळं दिसतं, नुसतं 'समस्त रहिवासी' छापू. वडील म्हणाले, "समस्त रहिवाशांनी काय लिहिलंय? लिहिलंय त्या बाईने. तिचं नाव काढलंस, तर उद्या साहेबासमोर ती कोण म्हणून उभी राहणार?"

हे मला घोडबंदर रोडवरच्या एका काचेच्या ऑफिसात आठवेल असं वाटलं नव्हतं.

आम्ही दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवतो. कोड सगळ्यांचा एक, त्याला आम्ही मेन म्हणतो. पण मेनमध्ये थेट कुणी हात घालत नाही. आपापली ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी प्रत काढायची, तिथे काम करायचं, झालं की ती मेनमध्ये मर्ज करायची, म्हणजे मिळवायची. मधल्या प्रत्येक बदलाची नोंद म्हणजे कमिट. कुणी केला, कधी केला, का केला, ते त्यात राहतं.

माझ्या शेजारी बसणारी कल्याणहून यायची. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. त्यावर सगळे हसायचे, हे काय ऑफिस आहे की भाऊबीज. ताई कॉन्ट्रॅक्टवर होती. तिचे कमिट लांबलचक असायचे. एकाच पेशंटची दोनदा नोंद का होते, कुठल्या दवाखान्यातून तक्रार आली, आधी कोणता उपाय केला आणि तो का फसला, सगळं लिहायची. टीम लीड तिला निबंधवाली म्हणायचा. मी मात्र हे काम शिकले ते त्याच निबंधांवरून, लीडने दिलेल्या ट्रेनिंगवरून नाही.

तिची ब्रँच संपत आली तेव्हा मी त्याच ब्रँचमधून माझी ब्रँच काढली. तिच्या कामावरच मला पुढचं रचायचं होतं, दवाखान्यांना जाणारे मेसेज वगैरे. काही दिवसांनी लीडने तिचं काम मेनमध्ये घेतलं. पण मर्ज करून नाही, स्क्वॉश करून. म्हणजे तिच्या सगळ्या नोंदी चेपून एकच नोंद केली. स्क्वॉश करणं हा काही गुन्हा नाही, पुष्कळ ठिकाणी करतात. नीट केलं तर काम करणाऱ्याचं नाव त्या एका नोंदीवर राहतं. याने ते स्वतःच्या लॅपटॉपवर केलं, स्वतःच्या नावाने. वर एक ओळ, 'अपॉइंटमेंटचं काम पूर्ण'. मग तिची ब्रँच सर्व्हरवरून उडवली. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, कुणाला वाचायचेत तिचे निबंध? हिस्ट्री क्लीन ठेवायची असते."

क्लीन. आमच्या वस्तीबद्दलही हाच शब्द वापरला जातो. वस्ती हलवायची असली की म्हणतात, क्लीन करायची आहे. इतिहास कुणाला स्वच्छ हवा असतो आणि त्यातून कचरा म्हणून कोण बाहेर जातं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

ताईच्या कॉन्ट्रॅक्टची मुदत संपत आली तेव्हा तिला ठाणे स्टेशनजवळच्या मुख्य ऑफिसात बोलावलं. मॅनेजरने स्क्रीनवर मेनचा इतिहास उघडला, तिचं नाव टाकलं. किरकोळ दोन-चार नोंदी आल्या. मॅनेजर म्हणाला, तुमचं इथे काही काम दिसत नाही. शुक्रवारी कळवतो.

परत आल्यावर चहा पिताना तिने मला हे सांगितलं. तिच्या लॅपटॉपवर जुनी ब्रँच असेल ना, असं मी म्हटलं. तो लॅपटॉप गेल्या महिन्यात काढून घेतला होता, कॉन्ट्रॅक्टवाल्यांचे लॅपटॉप फिरते असतात. "मी काम केलंय हे माझं मलाच माहितीय गं," ती म्हणाली. "तेवढ्यावर कॉन्ट्रॅक्ट मिळत नाही."

त्याच आठवड्यात लीडला माझं काम मेनमध्ये हवं होतं, गिऱ्हाइकाला दाखवायला. मी मर्ज करायला घेतलं तर फाइलीमागून फाइल भांडायला लागली. मी आणि ताईने लिहिलेल्या ओळी एका बाजूला, मेनमधल्या ओळी दुसऱ्या बाजूला, आणि यातलं खरं कोणतं ते तूच सांग, असं यंत्र मला विचारत होतं. मला आधी कळेना, तेच तर काम आहे, मग भांडण कसलं? मग मी इतिहासाचा नकाशा काढून बघितला, रेघांचा.

खऱ्या मर्जला दोन आईबाप असतात. दोन रेघा येतात, एका ठिपक्यात मिळतात, आणि मागे गेलं की दोन्ही रेघांवरची माणसं भेटतात. लीडच्या नोंदीला मागे एकच रेघ होती, मेनची. ताईच्या रेघेशी तिचं काही नातंच नव्हतं. म्हणून मेनला पत्ता नव्हता की हे काम त्याच्याकडे आधीच आलंय. चोरीचा माल घरात होता आणि मालकीण दारात उभी, म्हणून ते भांडण. माझ्या रेघेवरून मागे गेले, तर ताईचे सगळे निबंध होते तिथे, तिच्या नावानिशी. मी ब्रँच तिच्यातून काढलेली ना.

लीड येऊन म्हणाला, "एवढी भांडणं कशाला सोडवतेस? तू पण स्क्वॉश मार, संपव कटकट."

मी स्क्वॉश केलं नाही. दुपारभर बसून एकेक भांडण सोडवलं आणि सरळ मर्ज केलं, दोन्ही रेघा ठेवून. नोंदीत लिहिलं की अपॉइंटमेंटचं मूळ काम ताईचं, पुढचं माझं, आणि तिथे ताईचं पूर्ण नाव घातलं.

थोड्या वेळाने तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. "हे काय जाळं करून ठेवलंस? काढ ते."

"काढता येत नाही," मी म्हटलं. "मेनमधलं कुणी पुसू नये म्हणून कुलूप तुम्हीच लावलंय."

कुलूप उघडायला मुख्य ऑफिसची परवानगी लागते. ती मागायची तर का मागतोय ते सांगावं लागणार. त्याने मागितली नाही. टीममध्ये दिवसभर मात्र ऐकवत राहिला, हल्ली ऑफिसात मोर्चे निघतात म्हणून.

मी ताईला म्हटलं, मॅनेजरला फोन कर आणि परत बघायला सांग. ती माझ्यावरच चिडली. "माझं काम दिसायला तुझी ब्रँच लागली. हे तुला बरं वाटतंय?" नाही वाटत. तेव्हाही वाटलं नव्हतं. मग तिने फोन केला, आणि तिला परत बोलावलं. मॅनेजरने पुन्हा तिचं नाव टाकलं आणि खाली सरकवत राहिला, सरकवत राहिला, एवढंच तिने मला सांगितलं. शुक्रवारी कॉन्ट्रॅक्ट वाढलं, सहा महिन्यांसाठी. लीडला कुणी काही विचारलं नाही. मॅनेजरने ताईला फक्त बजावलं, यापुढे आपलं काम दिसेल याची काळजी घेत चला. म्हणजे चूक तिचीच.

आता ती प्रत्येक ब्रँच देताना खाली लिहिते, स्क्वॉश करू नये. तिचे निबंध आणखी लांब झालेत.

लीडची ती एका ओळीची नोंदही मेनमध्येच आहे. ताई म्हणाली होती, ती काढून टाकता आली असती तर बरं झालं असतं. मला नाही वाटत. त्याच्या नोंदीच्या थोडं वर दोन रेघा येऊन मिळतात, आणि जो कुणी नकाशा उघडेल त्याला कळेल की एकच काम तिथे दोनदा आलंय, एकदा तिच्या नावाने आणि एकदा त्याच्या. त्याचं नावही राहू दे. उद्या साहेब विचारेल तेव्हा त्यालाही कुणीतरी म्हणून उभं राहावं लागेल.