‘बंद पडलं तर?’ विचारणाऱ्या मॅडम

कुणी कितीही भारी यंत्रणा दाखवायला आणली, तरी मॅडम चष्मा कपाळावर चढवून एकच विचारायच्या, “आणि हे बंद पडलं तर?” विकायला आलेला माणूस तिथेच अडखळायचा.

अंधेरीतल्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबच्या त्या आयटीप्रमुख. गिरणी कामगाराची मुलगी, राहायला घाटकोपरला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आवाज न चढवता सगळं ऑफिस कामाला लावणारी.

एका वर्षी संचालकांना पेशंटशी बोलणारा एआय हवा होता. बजेट एकाच गोष्टीला पुरणारं. मॅडमनी ते सगळं सुरक्षा आणि बॅकअपसाठी मागितलं.

“त्यात दिसणार काय?” संचालक म्हणाले.

“काहीच नाही, सर. दिसलं नाही म्हणजेच काम झालं.”

पैसे मिळाले, पण नाराजी राहिली. त्यात मॅडम महिन्यातून एकदा तासभर सगळे कॉम्प्युटर बंद ठेवून आम्हाला कागदावर काम करायला लावायच्या.

“मॅडम, वाट लागते ना आमची.”

“आज लागू दे. आज मी सांगून बंद केलंय.”

आणि एका सोमवारी सकाळी न सांगता बंद पडलं. हॅकर्सनी सगळा डेटा कुलूपबंद केलेला, स्क्रीनवर फक्त खंडणीचा मजकूर, बाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग. मॅडम म्हणाल्या, “कागद काढा.” एकालाही परत पाठवावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बॅकअपवरून सगळं पुन्हा उभं राहिलं. खंडणी दिली नाही.

माझ्या लक्षात राहिलं ते मात्र वेगळंच. घातकी मेल उघडला होता रिसेप्शनवरच्या मुलीने. नोकरी गेलीच, असं धरून ती पँट्रीत रडत बसली होती. मॅडम तिच्या शेजारी बसल्या.

“क्लिक तू केलंस गं. पण तो मेल तुझ्यापर्यंत पोचला, ती चूक माझी.”

अहवालातही त्यांनी तेच लिहिलं. त्या मुलीचं नाव कुठेच नव्हतं.

पुढच्या बजेटला संचालकांनीच विचारलं, “बोला, काय हवंय?”

“आता एआय. नमुन्याला चुकीचं लेबल लागलं तर पकडणारा. बोलणारा नंतर बघू.”

गेल्या मे महिन्यात त्या निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी यंत्रणेचे सगळे अधिकार सोपवून, स्वतःचे स्वतःच्या हाताने बंद करून त्या निघाल्या. दाराला कार्ड लावलं तर लाल दिवा. दार उघडेना. मी धावत जाऊन माझं कार्ड लावलं. मला वाटलं, ओशाळतील. पण त्या दिव्याकडे बघून हसल्या, “झकास,” म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.